पासवर्ड बरोबर, तरी डेस्कटॉप येईना: डेबियन १२ वरून १३ वर जाताना फसलेल्या प्लाझ्माची गोष्ट

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. कमांड मी जशा उच्चारल्या तशाच लिहिल्यात. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलंय.)



आजचा भाग म्हणजे थोडा कबुलीजबाब आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, शुक्रवारची रात्र, साडेदहा वाजलेले. मी डोंबिवलीला दादाकडे. समोर वहिनींचा कॉम्प्युटर, त्यावर काळा पडदा, आणि मागे वहिनी उभ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी दहाला सभा आहे."

वहिनी त्यांच्या सोसायटीच्या खजिनदार आहेत. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या सोसायटीच्या खजिनदाराचा सप्टेंबरमधला चेहरा आठवावा. सभासदवार थकबाकीचा तक्ता, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च, दोन सभासदांनी घेतलेल्या लेखी हरकतींची उत्तरं, सगळं त्या मशीनवर. बॅकअप होता, पण जुलैचा.

आणि त्यांची मूळ तक्रार काय होती? तक्ता छापताना शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर जातो. बस. पानाचा आकार आणि समास बदलून दोन मिनिटांत झालं असतं. मी म्हणालो, "नवीन आवृत्ती आलीये, टाकूनच देतो, सगळंच सुधारेल." हे वाक्य मी आता कुणाच्याही घरी बोलत नाही.

तर आधी, नेमकं काय बदलत होतं ते बघू. मशीनवर डेबियन १२ होतं, टोपणनाव बुकवर्म, जून २०२३ चं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, ट्रिक्सी. वहिनींच्या मशीनवर डेस्कटॉप केडीईचा प्लाझ्मा. डेबियन १२ मध्ये तो ५.२७ होता, १३ मध्ये ६.३ आहे. आकडा नुसता ५ चा ६ झालेला दिसतो, पण खाली बरंच हललेलं असतं. प्लाझ्मा ज्या क्यूटी नावाच्या पायावर उभा आहे तो क्यूटी ५ चा क्यूटी ६ झाला. शिवाय प्लाझ्मा ६ पासून वेलँड हे सत्र आपोआप निवडलं जातं, जुनं एक्स११ हा मागे ठेवलेला पर्याय. प्लाझ्मा ६ मूळ प्रकल्पाकडून २८ फेब्रुवारी २०२४ ला आला होता, म्हणजे डेबियनपर्यंत येईस्तोवर त्याला जवळपास दीड वर्ष झालं होतं. मुरलेला होता. म्हणून मी निर्धास्त होतो. आणि खरं सांगायचं तर प्लाझ्माने मला दगा दिलाच नाही, हे पुढे कळेल.

घाई मुळात नव्हतीच. डेबियन १२ ला दीर्घकालीन सुरक्षा दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत. सभेच्या आठवड्यात हात घालायचं काही कारण नव्हतं. असो.

पहिली चूक

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर प्रकाशन टिपा येतात. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे मोठं अपग्रेड डेस्कटॉपच्या आतल्या टर्मिनल खिडकीतून करू नका, मजकुरी कन्सोलवरून करा किंवा दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने करा. मी वाचलं होतं. तरी कॉन्सोल उघडला, सुडो एपीटी फुल-अपग्रेड टाइप केलं आणि जेवायला गेलो.

का करू नका, तर ज्या फांदीवर बसलोय तीच कापतोय म्हणून. चालू डेस्कटॉपच्या खालच्या फाइली एकेक करून बदलल्या जात असतात. आधीच मेमरीत असलेले प्रोग्रॅम चालू राहतात, पण मध्येच एखादा नवा तुकडा डिस्कवरून उचलायची वेळ आली की अर्धं जुनं आणि अर्धं नवं हाती लागतं. असा नवा तुकडा कधी उचलला जातो? स्क्रीन लॉक होताना. जेवण होईपर्यंत स्क्रीन आपोआप लॉक झाली, आणि परत आलो तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर: स्क्रीन लॉकर मोडला आहे, आता अनलॉक करता येणार नाही, व्हर्च्युअल टर्मिनलवर जा, लॉग इन करा आणि अमुक कमांड द्या.

उपाय त्या मजकुरातच लिहिलेला होता! कंट्रोल, ऑल्ट, एफ२ किंवा एफ३ दाबायचं, लॉग इन करायचं, सुडो लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन्स द्यायचं. मागे अपग्रेड व्यवस्थित चालू असणार होतं. मी काय केलं? पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरलं. मधल्या वाटेवर, पॅकेजं अर्धी उलगडलेली असताना.

मशीन पुन्हा सुरू केलं. लॉग इनचा पडदा आला, साधासुधा, नेहमीचं चित्र नाही. वहिनींनी पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, एक-दोन सेकंद, आणि पुन्हा लॉग इनचाच पडदा. परत टाकला, परत तेच.

आधी फाइली

दादा म्हणाला, "अरे, फॉरमॅट करून टाक ना, नवीन घाल." हा सल्ला कानावर आला की दोन्ही हात कीबोर्डवरून उचलावेत. डेस्कटॉप न येणं आणि फाइली जाणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डेस्कटॉप हा फक्त दर्शनी दरवाजा आहे, मागचा दरवाजा उघडाच असतो.

कंट्रोल, ऑल्ट, एफ३. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉग इन असं येतं. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप होताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, घाबरू नका. समजा हा पडदाही येत नसेल, तर मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीवर ई दाबायचं, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन सिस्टमडी डॉट युनिट बरोबर मल्टी-युजर डॉट टार्गेट असं जोडायचं, आणि कंट्रोल एक्स. मग चित्रमय भाग सुरूच होत नाही, सरळ मजकुरी लॉग इन मिळतं. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो.

आत गेल्यावर एलएस केलं, आणि वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, सगळं गेलं!" कारण फाइलींच्या नावांच्या जागी चौकोन. त्यांच्या सगळ्या फाइलींची नावं मराठीत आहेत आणि लिनक्सच्या या मजकुरी कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. फाइल जागेवर असते, नावही बरोबर असतं, दिसत फक्त नाही. इंग्रजीतली ट्रबलशूटिंगची माहिती वाचून हे कधीच कळत नाही, कारण लिहिणाऱ्यांना तो प्रश्नच आलेला नसतो. म्हणून मुद्दाम सांगतोय: चौकोन दिसले म्हणजे फाइल बिघडली असं नाही.

अडचण अशी की जे नाव दिसत नाही ते टाइप कसं करणार? करूच नका. आख्खं फोल्डर एका इंग्रजी नावाच्या फाइलीत बांधा. टार, स्पेस, सीझेडएफ, स्पेस, हिशोब डॉट टार डॉट जीझेड, स्पेस, डॉक्युमेंट्स. शेवटच्या शब्दातलं पहिलं अक्षर मोठं, कारण फोल्डरचं नाव तसं आहे. एकच गाठोडं तयार होतं, आतली मराठी नावं जशीच्या तशी राहतात, आणि पेनड्राइव्हवर नेताना नावांचा घोळ होण्याचा प्रश्नच संपतो.

मग पेनड्राइव्ह लावायचा आणि एलएसबीएलके द्यायचं. यादीत आकारावरून पेनड्राइव्ह ओळखू येतो, समजा एसडीबी१. सुडो माउंट, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी१, स्पेस, स्लॅश एमएनटी. सुडो सीपी करून गाठोडं तिथे टाकायचं, आणि काढायच्या आधी सुडो युमाउंट स्लॅश एमएनटी. युमाउंट म्हणताना यू नंतर लगेच एम टाइप करायचं, मध्ये एन नाही. निम्मे लोक तिथेच अडकतात.

एक जोडून सांगतो. डेबियन बसवताना रूटला वेगळा पासवर्ड दिला असेल तर तुमचं खातं सुडोच्या गटात नसतं आणि सुडो चालत नाही. अशा वेळी एसयू, स्पेस, डॅश देऊन रूट व्हायचं. वहिनींच्या मशीनवर सुडो होतं.

पेनड्राइव्हवर गाठोडं गेलं. तो दादाच्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावला, उघडला, थकबाकीचा तक्ता दिसला. पावणेबारा वाजले होते. वहिनी झोपायला गेल्या, नवरात्रामुळे त्यांना पहाटे उठायचं होतं. मीही थांबू शकलो असतो. पण मशीन अर्धवट सोडून झोप येत नाही.

अर्धवट राहिलेलं पूर्ण करणं

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत एकामागून एक मंडळी कामाला लागतात. ग्रब कर्नलला उठवतो, कर्नल सिस्टमडीला, सिस्टमडी एसडीडीएमला, म्हणजे लॉग इनचा पडदा दाखवणाऱ्याला. तुम्ही पासवर्ड दिला की एसडीडीएम तुमच्या नावाने सत्र सुरू करतो. त्यात क्विन येतो, जो खिडक्या पडद्यावर रंगवतो, आणि मग प्लाझ्माशेल, म्हणजे खालची पट्टी, मेन्यू, वॉलपेपर. साखळी कुठपर्यंत पोचली हे पडदा बघून कळतं. लॉग इनचा पडदाच येत नसेल तर दोष एसडीडीएममध्ये, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये किंवा त्याच्याही खाली. लॉग इन झालं, माउसचा बाण हलतोय, पण पट्टी नाही, तर क्विन जिवंत आहे आणि प्लाझ्माशेल पडलाय. पासवर्ड देऊन पुन्हा लॉग इनवर, तर सत्र सुरू होता होताच मेलं. पासवर्ड चुकीचा असता तर तसं सांगितलं असतं. इथे पासवर्ड मान्य होत होता.

आमची तिसरी गत. पण मला आधी अर्धवट पॅकेजांचा निकाल लावायचा होता, कारण त्या अवस्थेत दुसरं काहीही शोधण्यात अर्थ नसतो.

सर्वात आधी डीएफ डॅश एच. डिस्क भरलीय का? हे मी नेहमी पहिलं बघतो, कारण डिस्क शंभर टक्के भरली की अपग्रेडही मध्येच मरतं आणि लॉग इनही असंच फिरून परत येतं. सत्राला आपल्या छोट्या फाइली लिहायला जागा मिळत नाही. इथे तीन जीबी शिल्लक होते, ठीक. जागा नसेल तर सुडो एपीटी क्लीन दिलं की उतरवलेल्या पॅकेजांचा साठा जातो. पण अर्धवट अपग्रेडमध्ये तीच पॅकेजं पुन्हा उतरवावी लागतील, तेव्हा नेट असल्याशिवाय ते करू नका.

मग सुडो डीपीकेजी डॅश डॅश ऑडिट. कोणती पॅकेजं उलगडलीत पण बसवलेली नाहीत त्याची यादी येते. आमची यादी पडद्यावर मावेना. सुडो डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए. म्हणजे राहिलेली सगळी बसव. काही बसली, काहींनी कुरकुर केली की आम्हाला लागणारं अमुक अजून आलेलंच नाही. त्यावर सुडो एपीटी, डॅश डॅश फिक्स-ब्रोकन, इन्स्टॉल.

आणि इथे नेट नाही म्हणाला! वायफाय होतं, राउटर समोर लुकलुकत होता. कारण साधं आहे: प्लाझ्मामध्ये वायफायचा पासवर्ड बहुधा तुमच्या खात्याच्या केवॉलेटमध्ये ठेवलेला असतो, आणि डेस्कटॉप उघडल्याशिवाय तो खिसा उघडत नाही. डेस्कटॉप नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून डेस्कटॉप नाही. सुटका म्हणजे मोबाइल. चार्जिंगच्या केबलने फोन जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. मशीनला ती तारेची जोडणी वाटते आणि नेट आपोआप सुरू होतं. नाहीतर एनएमटीयूआय नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात बाणांच्या कळांनी वायफाय निवडून पासवर्ड टाकता येतो.

नेट आलं. फिक्स-ब्रोकन झालं, मग पुन्हा सुडो एपीटी फुल-अपग्रेड. या वेळी 'वाय' दाबायच्या आधी मी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी ओळ न ओळ वाचली. ती यादी वाचणं हे या सगळ्या प्रकारातलं एकमेव खरं कौशल्य आहे. जुन्या आवृत्तीच्या लायब्ररी जाणारच, त्याची चिंता नको. पण त्यात केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसलं तर थांबायचं. बाहेरच्या कुठल्या तरी भांडारातलं पॅकेज वाट अडवून बसलंय असं समजायचं. आमच्याकडे तसं नव्हतं. मध्ये एक-दोनदा विचारलं गेलं की अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी घालू. माहीत नसेल तर एन्टर. तुमची राहते.

सव्वा वाजता पूर्ण झालं. एकदा खात्री करावी म्हणून एपीटी लिस्ट, डॅश डॅश अपग्रेडेबल दिलं, सुडोशिवाय, कारण यादी बघायला सुडो लागत नाही. तर एक लांबलचक विचित्र ओळ आली, अमुक आवृत्ती सापडत नाही वगैरे. मी सवयीने पुढे सुडो लावून तीच कमांड दिली, चालली. मनात म्हटलं, असेल काहीतरी. ती ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून पुढचे दोन तास गेले.

मशीन रीस्टार्ट. लॉग इनचा पडदा आता देखणा, नव्या रूपात. पासवर्ड. काळं. पुन्हा लॉग इन.

मशीन बिघडलंय की माणूस?

म्हणजे खातं, हो. इथे एक चाचणी आहे जी मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतः मात्र उशिरा करतो. त्याआधी मी सत्र बदलून बघितलं. लॉग इनच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात सत्र निवडायची जागा असते, तिथे वेलँडऐवजी प्लाझ्मा एक्स११ निवडलं. तेच. हे बघणं बरोबरच होतं. विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एक सत्र चालतं आणि दुसरं नाही असं होऊ शकतं. त्यांनी डीकेएमएस स्टेटस हेही बघावं, कारण नवा कर्नल ६.१२ आला की त्या ड्रायव्हरचा भाग त्याच्यासाठी नव्याने घडवावा लागतो आणि हेडरचं पॅकेज नसेल तर तो घडतच नाही. वहिनींच्या मशीनला इंटेलचं साधं ग्राफिक्स, तिथे हा प्रश्न नव्हता.

तर चाचणी. कन्सोलवर सुडो ॲडयुजर चाचणी. पासवर्ड द्यायचा, बाकी प्रश्नांना एन्टर. परत लॉग इनच्या पडद्यावर येऊन त्या नव्या खात्याने आत जायचं.

लख्ख डेस्कटॉप आला. तरंगती पट्टी, नवं वॉलपेपर, सगळं.

पाच मिनिटांची ही चाचणी केवढं सांगून जाते बघा. कर्नल ठीक, ड्रायव्हर ठीक, एसडीडीएम ठीक, क्विन आणि प्लाझ्मा ठीक. अपग्रेड यशस्वी झालेलं आहे. जे काही आहे ते वहिनींच्या होम फोल्डरमध्ये आहे. आता पुन्हा इन्स्टॉल करून काय उपयोग झाला असता? होम तसंच ठेवून नवीन डेबियन घातलं असतं तरी दुखणं तिथेच राहिलं असतं.

होममध्ये काय असेल? पहिला संशय सेटिंगवर. प्लाझ्मा ५ च्या काळातल्या थीम, बाहेरून आणलेली विजेट्स. सहसा प्लाझ्मा ६ जुनं विजेट दिसलं की त्याच्या जागी 'हे माझ्याशी जुळत नाही' अशी पाटी लावतो आणि पुढे जातो, सत्र पाडत नाही. तरी बघावं म्हणून डॉट कॉन्फिग या फोल्डरचं नाव बदललं. नाव बदलायचं, डिलीट नाही करायचं. डिलीट करणारे नंतर ब्राउझरमधले सगळे बुकमार्क शोधत बसतात. लॉग इन केलं, तेच. डॉट कॅशचं नाव बदललं, तेच. डॉट लोकलच्या आतलं प्लाझ्माचं फोल्डर बाजूला केलं, तेच. सगळी नावं पुन्हा होती तशी केली. पावणेतीन.

मग सुचलं की सत्र मेलं तर मरताना काहीतरी बोललं असेलच. एसडीडीएम सत्राचं बोलणं एका फाइलीत टाकतो: होममध्ये डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात एसडीडीएम, त्यात वेलँड-सेशन डॉट लॉग. एक्स११ निवडलं असेल तर शेजारीच एक्सऑर्ग-सेशन डॉट लॉग. फार कमी लोकांना ही फाइल माहीत असते, सगळे जर्नलसीटीएलच्या हजारो ओळी उपसत बसतात. टेल देऊन उघडली. एकच ओळ कामाची होती. स्टार्टप्लाझ्मा-वेलँड म्हणत होता की मला मिळालेल्या लिबएसटीडीसी++ या लायब्ररीत जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ सापडत नाही. आणि त्या लायब्ररीचा पत्ता सिस्टमच्या फोल्डरमधला नव्हता. वहिनींच्या होममधला होता.

तीच ओळ. सव्वा वाजता एपीटीने हेच सांगितलं होतं.

उलगडा असा. २०२३ मध्ये सोसायटीच्या पार्किंगचे स्टिकर छापायचे होते, म्हणून मी एक लेबलं बनवायचा प्रोग्रॅम त्या मशीनवर उतरवला होता. झिप उघडली, होममध्येच ठेवली. त्याच्या सोबत त्याच्या स्वतःच्या लायब्ररी होत्या, आणि त्या सापडाव्यात म्हणून मी डॉट प्रोफाइल या फाइलीत एक ओळ घातली होती: एक्स्पोर्ट, स्पेस, एलडी अंडरस्कोर लायब्ररी अंडरस्कोर पाथ, हे तिन्ही शब्द मोठ्या अक्षरांत, बरोबर, आणि त्या फोल्डरचा पत्ता. या ओळीचा अर्थ काय होतो माहितीये? या खात्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमने लायब्ररी आधी इथे शोधायची, सिस्टममध्ये नंतर. फक्त स्टिकरच्या प्रोग्रॅमने नाही. प्रत्येकाने.

दोन वर्षं काही बिघडलं नाही, कारण त्या फोल्डरमधली लायब्ररी जीसीसी १२ च्या पिढीची होती आणि डेबियन १२ पण जीसीसी १२ नेच घडवलेलं. तिच्यात ३.४.३० पर्यंतची कलमं होती, तेवढी पुरत होती. डेबियन १३ जीसीसी १४ ने घडवलंय. त्याचे प्रोग्रॅम ३.४.३२ मागतात, जे जीसीसी १३ च्या काळात आलं. सिस्टममध्ये नवी लायब्ररी होती, पण रांगेत पहिला नंबर माझ्या जुन्याचा. प्रोग्रॅम तिच्यापाशी जायचा, हवं ते मिळायचं नाही, तिथेच प्राण सोडायचा. एसडीडीएम सत्र सुरू करण्याआधी डॉट प्रोफाइल वाचतो, म्हणून वेलँड असो की एक्स११, दोन्ही मरायचे. सुडो सुरक्षेसाठी असले चल पुसून टाकतो, म्हणून सुडोने एपीटी चालायचं. नव्या खात्याचं प्रोफाइल कोरं, म्हणून तिथे लख्ख.

नॅनोने फाइल उघडली, त्या ओळीच्या आधी हॅश लावला, जतन केलं. कन्सोलवरून बाहेर पडलो, लॉग इनच्या पडद्यावर आलो, पासवर्ड. या वेळी काळ्या पडद्यावरून पुढे गेलं. वहिनींचं जुनं वॉलपेपर, तुळजापूरचं, आलं. तीन वाजून वीस मिनिटं.

अशा प्रोग्रॅमला स्वतःची लायब्ररी द्यायचीच असेल तर दोन ओळींची एक छोटी स्क्रिप्ट करायची, तिच्यात तो पत्ता लिहायचा आणि तिथूनच प्रोग्रॅम सुरू करायचा. मग ती गोष्ट त्याच्यापुरती राहते. प्रोफाइलमध्ये नाही. अपग्रेडच्या आधी ग्रेप देऊन प्रोफाइल आणि बॅशआरसीमध्ये असलं काही आहे का ते बघायला अर्धा मिनिट लागतं.

सकाळी वहिनी बसल्या. पहिली तक्रार: "भाऊजी, फोल्डर उघडत नाहीये." प्लाझ्मा ६ मध्ये फोल्डर दोन क्लिकने उघडतं, आधी एका क्लिकने उघडायचं. सेटिंगमध्ये जाऊन पूर्वीसारखं करून दिलं. दुसरी तक्रार खरी होती: मराठी टाइप होईना. त्या फोनेटिक पद्धतीने लिहितात, त्यासाठी फीसिटएक्स ५ आहे. एक्स११ वर ते आपोआप चालायचं. वेलँडवर प्लाझ्माच्या सेटिंगमध्ये कीबोर्डखाली व्हर्च्युअल कीबोर्ड नावाचं पान आहे, तिथे फीसिटएक्स ५ निवडून द्यावं लागतं. नाव फसवं आहे, पडद्यावर कुठलाही कीबोर्ड येत नाही, पण जागा तीच. जे इनस्क्रिप्टची मांडणी थेट कीबोर्ड लेआउट म्हणून वापरतात त्यांना यातलं काही करावं लागत नाही.

आणि तो शेवटचा रकाना? अजूनही दुसऱ्या पानावरच जात होता. कॅल्कमध्ये फॉरमॅट, पेज स्टाइल, शीट, आणि तिथे 'रुंदी एका पानात बसव' हा पर्याय. दीड मिनिट लागलं. वहिनींनी ऐंशी प्रती काढायला दादाला झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं.

पुढच्या भागात टाइमशिफ्ट बघू, म्हणजे असल्या रात्री मागे कसं जायचं ते. प्रश्न असतील तर पाठवा. फक्त पाठवताना वेलँड-सेशन डॉट लॉगच्या शेवटच्या दहा ओळी जोडा.